लॉज नव्हे, वुच

अर्णव, गेल्या रविवारी तू विचारलंस, मुक्ताताईच्या खोलीत भिंतीवर ज्या आजींचा फोटो आहे त्या आपल्या कोण लागतात. मी म्हटलं, नंतर सांगते, आणि विषय बदलला. नात्याने त्या आपल्या कोणीच लागत नाहीत. पण माझा फोटो त्या भिंतीवर नाही आणि त्यांचा आहे, तेव्हा नीट काहीतरी सांगायला हवं.

मुक्ता, तूही वाच. तुला शशी तुझ्या बाजूने माहीत आहे, माझ्या बाजूने नाही. माझ्या बाजूने सांगायचं तर या बाईचा मला जन्मभर हेवा वाटत आला. ती जाऊन वर्ष होत आलं तरी तो कमी झालेला नाही. उलट आता समोर भांडायला कोणी नसल्यामुळे तो नुसता साठत चाललाय.

शशिकला जाधव माझ्या शाळेत इतिहास शिकवायची आणि मी इंग्रजी. गिरगावातली मुलींची शाळा. शाळेत ती जाधवबाई, मी करंदीकरबाई. फाटकाबाहेर पडलो की शशी आणि सुधा. नोकरीला लागून थोडी वर्षं झाली तेव्हा आमच्या वाडीत, आमच्याच डोक्यावरची एक खोली रिकामी झाली. ती मीच तिला सुचवली. लग्न तिने केलं नाही. खोलीत एक पलंग, एक ओटा, बुद्धाची तसबीर आणि बाकी सगळी पुस्तकं. डाळीच्या डब्यावर शब्दकोश असायचा आणि शब्दकोशावर पुन्हा साखरेचा डबा. माझ्या घरात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली असते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या खोलीत गेले की माझे हात आवरायला शिवशिवायचे. ती म्हणायची, "हात लावू नकोस, सुधा. मला सगळं सापडतं. तुझ्याकडे सगळं आवरलेलं आहे, पण तू शोधतेस काय?"

तर तिचा विषय. कोणीही विचारलं, बँकेतल्या कारकुनाने जरी सहज विचारलं की बाई, निवृत्तीनंतर काय करता, तरी ती तेच उत्तर द्यायची: "पोलंडच्या लोकांचा इतिहास. मध्ययुगापासून. राजांचा नाही, लोकांचा." कारकून बिचारा शिक्का मारायचा थांबायचा. कोणी थोडं वाचलेलं असलं तर विचारी, म्हणजे ते युद्धाच्या वेळी कोल्हापूरजवळ पोलिश लोक येऊन राहिले होते ते का? याचा तिला फार राग. "ते पाहुणे होते हो," ती म्हणायची, "चार दिवस आलेल्या पाहुण्यांवरून कोणी घराण्याचा इतिहास लिहितं का?"

पोलंडच का, हे मला तिने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि पुढे अनेकदा, दर वेळी थोडं रंगवून. एम.ए.च्या वेळी विषय ठरवायला ती एका सरांकडे गेली. सरांनी नाव विचारलं. मग विचारलं, "जाधव म्हणजे कुठले जाधव? सिंदखेडचे का?" शशी म्हणाली, "परळचे." सरांना काय कळायचं ते कळलं. मग फार प्रेमाने म्हणाले, तुम्ही असं करा, एखादा सोपा विषय घ्या. ती तिथून निघाली ती कॉलेजच्या वाचनालयात जाऊन बसली. तिथे पोलंडचं एक चकचकीत मासिक फुकट यायचं. कोणी उघडत नसे, पानं एकमेकांना चिकटलेली असत. तिने ती सोडवली.

"आपल्या इतिहासात शिरायचं तर दारातच आडनाव विचारतात," ती मला म्हणाली होती. "म्हटलं, असा देश बघू जिथे जाधव म्हणजे काय हेच कोणाला कळणार नाही."

मग पुष्कळ वर्षांनी एका दुपारी ती जिना धडाधड उतरून आली, पुस्तकात बोट घालून. "सुधा, फसले गं मी. तिकडेही तेच आहे." म्हणे आडनावाच्या शेवटी ते 'स्की' असतं ना, त्याचा अर्थच मुळात अमक्या गावचे, अमक्या जहागिरीचे. म्हणजे कुठले हे विचारायची गरजच नाही, आडनावातच सांगून मोकळे. आणि तिथले सरदार असंही मानत की आपले पूर्वज वेगळे, शेत कसणाऱ्यांचे वेगळे, रक्तच वेगळं. "एवढा वळसा घालून पुन्हा परळलाच पोचले की," ती म्हणाली आणि माझ्या पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दुसरी कोणी असती तर तिने विषय सोडला असता. हिने राजे आणि सरदार सोडले आणि त्यांची शेतं कसणारी माणसं धरली. आठवड्यातले कितीतरी दिवस मालकाच्या जमिनीवर राबणारी, गाव सोडून जायची मुभा नसलेली. त्यांच्याबद्दल ती अशी बोलायची, जणू ती माणसं खालच्या मजल्यावर राहतात आणि त्यांचं पाणी आज आलेलं नाही.

कोणत्याही शतकाबद्दल तिचा पहिला प्रश्न एकच असे: जेवत काय होते? लढाई कोण जिंकलं, तह कोणाचा झाला, ते ती शाळेत परीक्षेपुरतं शिकवी. पण मुलींना खरी आठवते ती दुसरीच गोष्ट. वर्गात टेबलावर चहा सांडलेला असला की ती बोटाने त्या चहाचाच पोलंडचा नकाशा काढी. मग तीन मुलींना पुढे बोलावी. ही रशिया, ही प्रशिया, ही ऑस्ट्रिया. ओढा आपापल्या बाजूला. तिघी तळहाताने चहा ओढून घेत आणि टेबल कोरडं होई. "देश गेला," शशी म्हणे. "आता सांगा, माणसं कुठे गेली?" मुली आपल्या ओल्या तळहातांकडे बघत. "कुठे जातील? तिथेच आहेत. देश गेला तरी सकाळी चूल पेटवावीच लागते." पन्नाशीच्या झालेल्या विद्यार्थिनी मला आज रस्त्यात भेटतात आणि चहाचा पोलंड आठवतो म्हणतात. मी त्यांना शिकवलेली क्रियापदं कोणालाही आठवत नाहीत.

तिने त्यावर लिहिलं मात्र काही नाही. मी शिस्तीची बाई. मला हे सहन होत नसे. मी म्हणायची, एवढं वाचतेस, मग पुस्तक कधी लिहिणार? ती म्हणायची, "लिहायला तिकडचे लोक आहेत ना. मला कळून घ्यायचंय." पदवी नाही, पुस्तक नाही, व्याख्यान नाही, त्यातून कोणाला काही मिळायचं नाही. आणि तरी मला हेवा वाटायचा, तो नेमका याचाच. दुपारी ओटा आवरून मी वर्तमानपत्र घेऊन आडवी व्हायची आणि डोक्यावर तिची पावलं सुरू व्हायची. वाचताना ती फेऱ्या मारायची. मध्येच पावलं थांबायची. म्हणजे तिला काहीतरी सापडलं. मी पडल्यापडल्या वाट बघायची, आता जिना वाजेल. वाजायचाच. मला इंग्रजी उत्तम येत होतं, आजही येतं, पण जे सांगायला जिना चढून वर धावत जावं असं मला कधी काही सापडलं नाही.

तुमच्या आजोबांची एक गोष्ट सांगते. आजोबा आंबील खात नसत. माझ्या आईच्या पद्धतीची नाचणीची आंबील मी दर उन्हाळ्यात करायची आणि ते वाटी बाजूला सारून म्हणायचे, आजाऱ्याचं खाणं आहे. एका रविवारी शशीने आम्हाला वर जेवायला बोलावलं. पोलंडमधल्या गरीब शेतकऱ्याचं जेवण, म्हणाली. तिने काचेच्या बरणीत पीठ भिजवून आंबवलेलं होतं. तिकडे राय नावाचं धान्य घालतात, ते इथे कुठून मिळणार, म्हणून तिने नाचणी घेतली होती. वर लसूण, मीठ, थोडं ताक, आणि चवीला हिरवी मिरची, जी मध्ययुगात पोलंडमध्ये नव्हती याबद्दल तिने आधीच क्षमा मागून घेतली. "याला झुर म्हणतात," ती म्हणाली. आजोबांनी एक वाटी घेतली. मग दुसरी घेतली. म्हणाले, "वा, काय वेगळीच चव आहे हो जाधवबाई." मी म्हटलं, "ही आंबील आहे." ते म्हणाले, "छे, छे. आंबील कुठे, झुर कुठे." शशी माझ्याकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. पुढच्या उन्हाळ्यात मी आंबील केली आणि वाटी पुढे ठेवून म्हटलं, झुर आहे. त्यांनी चव घेतली आणि म्हणाले, जाधवबाईंसारखा नाही जमला.

आणि ती सभा. आमच्या वाडीचा पुनर्विकास करायचा की नाही यावर दर महिन्याला सभा व्हायची आणि दर महिन्याला दुसऱ्या मजल्यावरचे नेनेकाका उभे राहून विरोध करायचे. एकाचा विरोध झाला की दुसऱ्याला शंका यायची, तिसरा म्हणायचा पुढच्या वेळी बघू, आणि सगळे चहा पिऊन घरी. एकदा शशी उभी राहिली. एरवी ती सभेत बोलत नसे. तिने सांगितलं की पोलंडच्या दरबारात असा नियम होता की एक जरी सरदार उठून "न्ये पोझ्वालाम" म्हणाला, म्हणजे मी परवानगी देत नाही, की सगळी सभाच बरखास्त. आधी झालेले ठरावसुद्धा रद्द. शेजारचे राजे एखाद्या सरदाराला हाताशी धरायचे, तो उठून हे दोन शब्द बोलायचा, आणि देशाचं कुठलंच काम पुढे सरकायचं नाही. "शेवटी देशच उरला नाही," शशी म्हणाली आणि बसली.

तिला वाटलं होतं, नेनेकाका ओशाळतील. नेनेकाका खूश झाले. "म्हणजे माझ्यासारख्या माणसांना तिकडे मान होता तर," ते म्हणाले, आणि तिच्याकडून ते शब्द दोनदा म्हणवून घेतले. त्यानंतर दर सभेत ते उठून पोलिशमध्येच विरोध करू लागले. आठ दिवसांत वाडीतली पोरं क्रिकेट खेळताना बाद झाली की बॅट न सोडता ओरडायची, न्ये पोझ्वालाम! मी त्याच वाडीत कितीतरी मे महिने पोरांना फुकट इंग्रजी शिकवलं होतं. माझं एकही वाक्य कधी कोणी क्रिकेटमध्ये ओरडलं नाही. मी हे शशीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तू त्यांना 'आऊट' शिकवलंस की." मी म्हटलं, तो शब्द त्यांना आधीपासून येत होता.

एवढ्यावर सगळं राहिलं असतं तर ठीक होतं. तिचा पोलंड वर, माझा संसार खाली. पण मग मुक्ताला मेडिकलला प्रवेश मिळाला, आणि कुठे मिळाला तर पोलंडमध्ये.

मुक्ता तेव्हा बारावीपासून माझ्याकडेच राहत होती. तुमचे आईबाबा मस्कतला. कागद आला त्यावर गावाचं नाव इंग्रजीत होतं, एल ओ डी झेड. इंग्रजी वाचायचं तर या घरात मी वाचणार. मी मोठ्या आत्मविश्वासाने 'लॉड्झ' असं वाचलं आणि वाडीभर सांगितलं. वाडीत त्याचं दोन दिवसांत 'लॉज' झालं. करंदीकर आजींची नात लॉजमध्ये शिकणार. भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी निवडता निवडता हळूच विचारलं, "हॉस्टेल नाय गावला का हो पोरीला?" मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा मी मेथी न घेता घरी आले.

संध्याकाळी शशी खाली आली. तिच्या कानावर गेलंच होतं. तिने कागद हातात घेतला, पेन्सिलीने त्या एलच्या पोटातून एक आडवी रेघ ओढली आणि ओवर आणि झेडवर एकेक तिरकी टोपी घातली.

"लॉज नव्हे, सुधा. वुच."

मी म्हटलं, यात व कुठे आहे?

"एलच्या पोटातून रेघ गेली की त्याचा व होतो. ओला टोपी घातली की उ, शेवटच्या झेडला घातली की डी-झेड मिळून च. त्यांची अक्षरं आहेत, त्यांना विचारायचं."

मी म्हटलं, इंग्रजीत लॉड्झच म्हणतात.

"इंग्रजीत काय, आपल्या शीवला सायन म्हणतात," ती म्हणाली.

मुक्ता हसली. त्या हसण्याने सगळं सुरू झालं. शशीने तिला सांगितलं की वुच म्हणजे होडी, आणि ते गाव गिरण्यांचं. लाल विटांच्या गिरण्या, भोंगे, कामगारांच्या चाळी. आता सगळ्या बंद आणि त्यांचे मॉल झालेले. अगदी परळ-लालबागसारखं. बोलताना शशीचा चेहरा असा झाला होता, जणू मुक्ता तिच्याच माहेरी निघाली आहे आणि तिला सांगायचंय की कोपऱ्यावरचं दुकान अजून आहे का बघून ये. दुसऱ्या दिवसापासून मुक्ता पोलिश शिकायला वर जाऊ लागली. तोवर ती माझ्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची. आता माझ्या डोक्यावर दोघींची पावलं वाजायला लागली.

मुक्ता गेल्यावर तर काय. रविवारी फोन यायचा तो माझ्या फोनवर, कारण शशीच्या फोनवर चित्र दिसत नसे. "आजी, कशी आहेस? गुडघा कसा आहे? औषध घेतेस ना? शशीआजी आहे का?" ती असायचीच. मी फोन तिच्या हातात द्यायची आणि शेजारी बसून शेंगा सोलायची. मला मुक्ता बातमी द्यायची, आणि हिच्याशी ती बोलायची. पहिल्या थंडीत ती रडली ते हिला माहीत. शरीररचनेच्या परीक्षेत नापास झाली ते हिला माहीत. मला ते कळलं फेरपरीक्षेत पास झाल्यावर, पेढ्यांच्या वेळी.

त्या दिवशी मी शशीला सरळच म्हटलं, "नात माझी आहे."

"मग तू विचार ना तिला."

"विचारते की. दर वेळी विचारते, जेवलीस का."

"मीही तेच विचारते," ती म्हणाली. "फक्त मी पुढे विचारते. काय जेवलीस? कोणी केलं होतं? बरोबर कोण होतं? एकटीच का?"

पुढच्या रविवारी मी फोनवर मुक्ताला विचारलं, काय जेवलीस. ती म्हणाली, पास्ता. मी विचारलं, कोणी केला? ती म्हणाली, "आजी, बरी आहेस ना तू?"

सहा वर्षं अशीच गेली. मग पदवीदानाचा दिवस ठरला. तुमच्या बाबांनी आमची दोन तिकिटं काढली. एक माझं, आणि माझ्या सोबतीला म्हणून एक शशीचं. कारण तिचे गुडघे धड होते आणि भाषा येत होती. सोबत म्हणून, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगत होते. शशीने एवढ्या वर्षांत पोलंड पाहिलेला नव्हता. ती तिकिटाचा कागद दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मला खरंच नेताय?" तेवढ्यापुरतं मला वाईट वाटलं. मग मी कामाला लागले. आजोबांचा करडा लोकरी कोट शिंप्याकडून माझ्या मापाचा करून घेतला. आणि कोणाला न सांगता फोनवरून एक पोलिश वाक्य पाठ केलं. मी मुक्ताची आजी आहे. आजीला तिकडे बाब्चा म्हणतात. मला खात्री होती की तिथे मुक्ताचे मित्र, तिचे शिक्षक, सगळे शशीशी फडाफडा बोलणार आणि तिलाच बाब्चा समजणार, आणि मी कोट घालून बाजूला उभी असणार. तसं होऊ द्यायचं नाही, पहिल्याच दाराशी ते वाक्य म्हणून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. हा एक दिवस तरी माझा असायला हवा होता.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी मोरीत घसरले. गुडघ्याला प्लास्टर बसलं आणि डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलं.

शशी दवाखान्यातून मला घरी घेऊन आली. पाय उशीवर ठेवला, चहा केला, आणि चहा देता देता सहज म्हणाली, मीही जात नाही. मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. "तू नाहीस तर मी तिथे कोण?" ती म्हणाली. "मुक्ता तुझी. मी तुझ्या सोबतीला जाणार होते ना? मग सोबत इथेच." तिने बॅग पुन्हा माळ्यावर टाकलीसुद्धा होती.

मी दोन दिवस पडून विचार केला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. वर पावलं वाजत होती, नेहमीसारखी. तिसऱ्या दिवशी ती वरण-भात घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "शशी, तू जा."

"नको गं. एवढी वर्षं इथून बघितला ना, आणखी बघेन."

"माझ्यासाठी सांगत नाही मी. तू राहिलीस तर मुक्ता जन्मभर म्हणेल, शशीआजीने आजीसाठी पोलंड सोडला. तिच्या पोरांना सांगेल. मला ते ऐकत बसायचं नाही. जा तू."

तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "किती जळतेस गं."

"जळते. बॅग खाली काढ."

तिने बॅग काढली. कोटही तिनेच नेला. तिच्या अंगावर तो थोडा लांब होत होता, पण शिंप्याला पुन्हा सांगायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी तसं सुचवलंही नाही.

त्यानंतर शशी परत आली, चांगली ठणठणीत आली, आणि पुढे दोन वर्षं माझ्या डोक्यावर फेऱ्या मारत राहिली. मग एका पहाटे झोपेतच गेली. परळहून तिचा पुतण्या आला, वाडीतली सगळी माणसं आली, आणि नेनेकाका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते. पण मी डोळे मिटले की मला ती शेवटची दिसते ती या सगळ्यातली नव्हे. मला ती दिसते फोनच्या पडद्यावर, पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी.

इथे दुपारच्या चहाची वेळ होती. फोन वाजला. आधी मुक्ताचा चेहरा, थंडीने लाल झालेला. मग तिने फोन वळवला. एका जुन्या गिरणीचं आवार होतं; लाल विटांची उंच भिंत, खाली कॉफीची दुकानं, आणि एक बाक. बाकावर माझा कोट घालून शशी बसली होती आणि तिच्या शेजारी रुमाल बांधलेली एक तिथली म्हातारी. मी हॅलो हॅलो करत होते, पण आवाज गेला होता, नुसतं चित्र येत होतं.

त्या दोघी बोलत नव्हत्या. म्हणजे तोंडाने बोलत नव्हत्या. शशीने ओठावर दोन बोटं ठेवून मिशीला पीळ द्यावा तसं केलं आणि एकदम मान खाली घालून हात भराभर चालवले. म्हातारीने मांडीवर थाप मारली. मग तिने गाल फुगवले, पोटासमोर हाताने मोठा गोल काढला, आणि तशीच मान खाली घालून तिनेही हात चालवले. शशी हसली. मग शशीने दोन बोटं अशी केली, जणू काहीतरी तुटलं. म्हातारीने लगेच मान हलवली आणि तिचीही तुटल्याची खूण करून दाखवली. ती जवळजवळ तशीच होती.

हे काय चाललं होतं ते मुक्ताने नंतर सांगितलं. शशीची पोलिश ऐकून ती बाई आधी गोंधळली म्हणे. शशी पुस्तकातली जुनी भाषा बोलत होती, जशी आपल्याकडे कोणी बखरीतली बोलावी. मग त्या बाईने भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, मी इथे माग चालवायचे. शशीचे वडील परळच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवरच, होते. तिथे साच्यांचा आवाज एवढा असतो की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही, म्हणून माणसं हातांनी बोलतात. मुकादम येतोय, धागा तुटला, चल जेवायला. वडील घरीसुद्धा तसेच बोलायचे, सवयीने. शशीला त्या सगळ्या खुणा येत होत्या. त्या बाईलाही तिच्याकडच्या येत होत्या.

एवढी वर्षं ती माझ्या डोक्यावर राहिली. पोलंडच्या शेतकऱ्याने कोणत्या शतकात काय खाल्लं ते मला तोंडपाठ झालं. आणि हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मुक्ताला त्या एका बाकावर सगळं कळलं.

मग मुक्ताने तिला सांगितलं असावं की फोनवर मी आहे. शशीने वर बघितलं, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला. मला शोधलं. आणि मला उद्देशून एक खूण केली: तळहात कानावर, मग दोन बोटं माझ्याकडे, मग मूठ छातीशी, आणि मूठ उघडून हात पुढे. म्हातारीही माझ्याकडे बघत होती. मला त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता. तो मी नंतरही कधी विचारला नाही, कारण मला सगळं कळलंय असा चेहरा मी तेव्हा केला होता. पण त्या अनोळखी बाईसमोर मी नुसती बघत बसणार नव्हते. मी चहाचा कप बाजूला ठेवला, प्लास्टरमधला पाय सावरला आणि तीच खूण जशीच्या तशी शशीला परत केली.

काय बोलून बसले कोण जाणे. शशीने मान मागे टाकली आणि ती हसत सुटली. कोटाच्या लांब बाह्यांत तिचे हात दिसेनासे झाले. मग ती म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून हसायला लागली, आणि सगळं चित्रच हलायला लागलं. म्हणजे फोन धरलेली मुक्ताही हसत असणार.